कूलरमधलं बाळंतपण

देवळीत मार्च अर्धा सरला की गच्चीवर, माळ्यावर पडलेले कूलर खाली उतरू लागतात. गेल्या वर्षीच्या ताट्या काढायच्या, टाकीत साचलेली धूळ धुवायची, मोटार फिरते की नाही ते बघायचं आणि नवी खस भरायची. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे हे काम टाळून चालत नाही. नेमक्या याच दिवसांत बऱ्याच घरी जुनी ताटी ओढली की मागे घरटं सापडतं. बाहेरून गवताच्या काड्या आणि सुतळीचे धागे, त्याच्या आत पोत्याचे तंतू, आणि सगळ्यांत आत गादीतून नाहीतर कोठीतल्या ढिगातून ओढून आणलेला कापूस. त्या खळग्यात दोन-तीन पिल्लं असतात, गुलाबी, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. कुंपणावर खार शेपटी झटकत चिरचिर करत असते. आणि पायरीवर घरचं मांजर बसलेलं असतं.

कापूस हे या तालुक्याचं मुख्य पीक, तेव्हा खारीला घरट्याचं अस्तर शोधायला लांब जावं लागत नाही. कूलर ही जागाही तिच्या दृष्टीनं उत्तम. तो उंचावर असतो, तीन बाजूंनी झाकलेला असतो आणि सात-आठ महिने कुणी त्याला हात लावत नाही. अडचण फक्त वेळेची होते. खारीचा विणीचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि पावसाळा संपेपर्यंत चालतो, आणि त्याच सुरुवातीला माणसाला कूलर हवा असतो. अंगणातल्या छोट्या वन्यजीवांशी होणारे बहुतेक तंटे असेच वेळेचे असतात. पिल्लं जमिनीवर येण्याची वेळ आणि मांजर मोकाट सोडण्याची वेळ एकच पडते. उंदीर बाहेर पडण्याची वेळ आणि कुत्र्याचं ताट अंगणात उघडं असण्याची वेळ एकच पडते. खारी, सरडे, मुंगसं यांना हाकलत बसण्यापेक्षा आपल्या पाळीव प्राण्यांचं वेळापत्रक बदलणं सोपं आहे, आणि ते आपल्या हातातही आहे.

विदर्भात घराभोवती दिसणारी खार बहुतेक करून पाच पट्ट्यांची असते. पाठीवर तीन ठळक फिके पट्टे आणि दोन्ही कुशींवर एकेक पुसट पट्टा. दक्षिणेकडे जावं तशी तीन पट्ट्यांची तिची बहीण जास्त दिसते. वजन जेमतेम 100 ग्रॅमच्या आसपास, शेपटी जवळजवळ अंगाइतकी लांब. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं ही तिची गरज आहे. कूलरची रबरी नळी आणि केबलची वायर त्यात बळी जाते. जाम पिकले की अर्धे तिचे. हा जाच खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच खार अळ्या आणि किडेही खाते, आणि सावर फुलली की फुलांतला मध पिताना तोंडाला लागलेले परागकण या झाडावरून त्या झाडावर नेते. वायर लोखंडी किंवा जाड प्लास्टिकच्या पाइपातून नेली, जामाच्या ठरावीक फांद्यांना जाळी बांधली आणि बाकीची फळं सोडून दिली की नुकसान आटोक्यात राहतं.

माणसाशेजारी राहण्याची तिची ताकद किती, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. 1898 साली पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून पाच पट्ट्यांच्या खारी मोकळ्या सोडण्यात आल्या. आज सव्वाशे वर्षांनंतरही त्यांचे वंशज त्या परिसरात नांदत आहेत. तिथे त्या परक्या, म्हणून अधिकाऱ्यांच्या नजरेखाली. आपल्याकडे त्या मूळच्या.

घरटं सापडलं तर काय करावं? पिल्लांचे डोळे उघडायला तीनेक आठवडे लागतात, आणि ती स्वतः हिंडू-फिरू लागायला त्याहून जास्त. तेवढे दिवस कूलर तसाच ठेवणं शक्य असेल तर तेच सगळ्यांत चांगलं. खोलीतल्या पंख्यावर मार्च निघून जातो. शक्य नसेल तर अख्खं घरटं, विस्कटू न देता, बुटांच्या खोक्यात ठेवून मूळ जागेपासून चार-सहा हातांवर, सावलीत आणि उंचावर पक्कं बांधावं. झाकण लावायचं नाही. मग सगळ्यांनी घरात जायचं आणि मांजर-कुत्रंही आत घ्यायचं. हा शेवटचा भाग लोक विसरतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, हा समज खोटा आहे. खार सहसा आसपास दुसरं घरटं हेरून ठेवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून तिकडे नेते. पण अंगणात मांजर दिसत असेल तर ती खाली उतरतच नाही, आणि मग आई आलीच नाही म्हणून पिल्लं घरात आणली जातात. खार दिवसा वावरणारा प्राणी आहे. म्हणून हे काम सकाळी करावं, म्हणजे तिच्या हातात पूर्ण दिवस राहतो. संध्याकाळी घरटं हलवलं तर रात्र मध्ये येते आणि उघडी पिल्लं गारठतात.

गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालणं ही सगळ्यांत घातक माया. गाई-म्हशीचं दूध त्यांना पचत नाही, जुलाब होतात. चमच्यानं किंवा ड्रॉपरनं सोडलेला थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसात पाणी होऊन पिल्लू दगावतं. आधी ऊब द्यायची. कोमट पाण्याची बाटली सुती कापडात गुंडाळून शेजारी ठेवली की पुरते.

आता मांजराकडे. गावात मांजर पाळलं जातं ते मुख्यतः धान्यामागे येणाऱ्या उंदरांसाठी, आणि तो व्यवहार जुना आहे. पण मांजर उंदीर आणि खार यांत फरक करत नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली मांडलेल्या अंदाजानुसार त्या एका देशात मोकळी फिरणारी मांजरं दरवर्षी 130 ते 400 कोटी पक्षी आणि 630 ते 2,230 कोटी छोटे सस्तन प्राणी मारतात. पोट भरलेलं असलं तरी मांजर शिकार करतंच, कारण शिकारीची ऊर्मी आणि भूक या मांजरात बऱ्याच प्रमाणात स्वतंत्र गोष्टी आहेत.

तरीही खाण्याचा संबंध अगदीच नाही असंही नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 219 घरांतल्या 355 मांजरांवर केलेला प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. ज्या मांजरांना मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाद्य दिलं, त्यांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली. ज्यांच्याशी मालक रोज 5 ते 10 मिनिटं खेळले, त्यांची 25 टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराचा मात्र या प्रयोगात ठळक फायदा दिसला नाही. आधीच्या काही ब्रिटिश पाहण्यांत घुंगरामुळे शिकार जवळपास निम्मी झाली होती. म्हणजे घुंगरू बांधायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून राहू नये. पट्टा ओढ बसताच सुटणारा असावा, नाहीतर कुंपणात अडकून मांजरालाच फास बसतो.

वैदर्भी घरासाठी यातला धडा सरळ आहे. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी. दूध-पोळीवर ते जगतं, पण त्याला लागणारी प्रथिनं आणि टॉरिन नावाचा घटक त्यातून मिळत नाही. घरात मांसमच्छी शिजत असेल तर त्यातला मसाला न लावलेला वाटा त्याला द्यावा, उकडलेलं अंडं द्यावं. नसेल शिजत तर बाजारात मांजरांचं कोरडं खाद्य मिळतं. सकाळी उजाडल्यापासून दोन-तीन तास आणि दुपारी ऊन कलल्यापासून अंधार पडेपर्यंत खारी आणि पक्षी सर्वांत जास्त हालचालीत असतात. तेवढा वेळ, निदान विणीच्या महिन्यांत, मांजर घरात राहिलं तरी पुष्कळ जीव वाचतात. दोरीच्या टोकाला चिंधी बांधून त्याला दहा मिनिटं पळवायला घरातली पोरं आनंदानं तयार होतात. नसबंदी केलेलं मांजर लांबवर भटकतही नाही आणि वर्षाला नवी पिल्लावळ गल्लीत सोडतही नाही.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. मांजराच्या तोंडातून सोडवलेली खार किंवा चिमणी वरवर धडधाकट दिसते, एखादाच सुईएवढा टोचा असतो. पण मांजराच्या लाळेतले पाश्चुरेला जातीचे जिवाणू त्या टोच्यातून आत गेलेले असतात, आणि असा जीव एक-दोन दिवसांत जंतुसंसर्गानं मरतो. ‘उडून गेली, वाचली’ असं म्हणून सोडून देणं म्हणूनच चूक. तिला त्याच दिवशी अँटिबायोटिक मिळायला हवं.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. कुत्रं खारीमागे धावतं, पण खार झाडावर चढली की खेळ संपतो. त्याचा खरा प्रश्न ताटाचा आहे. रात्री अंगणात उरलेली भाकर, भाताची शितं, सांडलेलं खाद्य यावर उंदीर आणि घुशी येतात. उंदरांमागे साप येतो. अंगणात कवेलूंचा किंवा विटांचा ढीग, पऱ्हाटीच्या काड्या रचलेल्या असतील तर त्याला मुक्कामाची जागाही मिळते. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याकडून घरातल्या माणसांना. हे सगळं टाळायला एकच सवय लागते: कुत्र्याला ठरल्या वेळी वाढायचं, अर्ध्या तासात ताट उचलायचं, आणि दिवेलागणीनंतर अंगणात अन्नाचा कण ठेवायचा नाही.

साप हा इथे पुस्तकी विषय नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत शेतात राबणारी माणसंच जास्त. तरीही याच जिल्ह्यात साप न मारता राहण्याचा एक प्रयोग झाला, तोही सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत. गांधीजी 1936 साली सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा ती जागा साप-विंचवांनी भरलेली होती. आश्रमात साप मारायचा नाही असं ठरलं, पण नुसतं ठरवून भागत नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणून साप धरायचा लाकडी चिमटा आणि त्याला नेऊन लांब सोडायची पेटी तयार ठेवली गेली. आश्रमात आजही ती पाहायला मिळतात. आज मात्र हे काम प्रशिक्षित सर्पमित्रानंच करावं. घरच्यांनी लांबून नजर ठेवावी आणि कुत्र्याला आधी बांधून टाकावं, कारण ते सापाला हुंगायला जातं आणि दंश नाकावर किंवा पुढच्या पायावर होतो. दंश झालाच तर चिरा देणं, करकचून बांधणं यात वेळ न घालवता पशुवैद्याकडे न्यावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं माणसांचं प्रतिविषच जनावरांनाही देतात.

अंगणातल्या सापांवर मुंगसाचा पहारा असतो. नागाचं विष स्नायूंमधल्या ज्या ठिकाणी चिकटून लकवा आणतं, त्या ठिकाणची घडणच मुंगसात वेगळी आहे, त्यामुळे विषाची पकड बसत नाही. बाकी त्याची चपळाई. पण मुंगूस आणि कुत्रं समोरासमोर येऊ देऊ नयेत, कारण मुंगसाला रेबीज होऊ शकतो. इथे खार आणि मुंगूस यांत मोठा फरक आहे. खार, उंदीर, ससा यांच्या चाव्यासाठी रेबीजची लस सहसा लागत नाही, असं आपल्याकडच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मुंगूस, माकड, कुत्रं, मांजर यांच्या चाव्याला मात्र थांबायचं नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. चावणारा कुणीही असो, डॉक्टरांना एकदा दाखवलेलं बरं.

घरच्या कुत्र्याचं लसीकरण हे फक्त घरापुरतं नसतं. 2018 साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले आणि त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांत सर्रास आढळणारा रोग. वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि त्याच्या भोवती गावं आहेत, गावांत कुत्री आहेत. देवळीच्या शेतशिवारात कोल्हे आणि उदमांजरंही फिरतात. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर दिलेलं कुत्रं या सगळ्यांना सुरक्षित ठेवतं.

पहिल्या पावसात आणखी एक पाहुणा येतो, अंगावर खरखरीत गाठी असलेला थोराड बेडूक, म्हणजे भेक. दिव्याखालचे किडे टिपायला तो अंगणात बसतो. कुत्र्याच्या पिल्लानं त्याला तोंडात धरलं की त्याच्या कातडीतला विषारी स्राव जिभेला लागतो आणि तोंडाला फेस येतो. ओल्या फडक्यानं हिरड्या-जीभ पुसून काढली की बहुतेक वेळा निभावतं. पिल्लू लडखडू लागलं तर पशुवैद्य. जूनच्या त्या पहिल्या काही रात्री पिल्लाला दोरीनंच बाहेर न्यावं.

चिचुंद्रीचा मात्र हकनाक बळी जातो. ती उंदरासारखी दिसते, पण ती उंदीर नाही. झुरळं आणि किडे हे तिचं खाणं. मांजर तिला मारतं आणि वासामुळे न खाताच टाकून देतं. माणूसही तिला उंदीर समजून विष घालतो.

आणि विषाचं प्रकरण सर्वांत गंभीर. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरत राहतो, आणि असा आयता उंदीर घरचं मांजर उचलतं, नाहीतर कडुलिंबावरचा पिंगळा, नाहीतर गोदामातलं गव्हाणी घुबड. विष रक्त गोठू देत नाही, आणि थोडं थोडं करत खाणाऱ्याच्या अंगात साठतं. यावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळेत दिला तरच. झिंक फॉस्फाईडला तर उताराच नाही. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू निघतो. कुत्र्यानं असं आमिष खाल्ल्याची शंका आली तर त्याला वरून काही खायला न घालता, विषाची पुडी बरोबर घेऊन, लगोलग पशुवैद्याकडे न्यावं. ज्या घरात मांजर किंवा कुत्रं आहे, ज्या अंगणात खार उतरते, त्या घरात उंदरासाठी जुना तारेचा पिंजराच योग्य. चिकट पट्टीही नको. तिच्यावर उंदराआधी पाल, सरडा, खारीचं पिल्लू चिकटतं आणि तासन् तास तडफडतं. कुणी चिकटलेलं सापडलं तर ओढू नये. खाद्यतेल बोटानं चोळत चोळत हलक्या हातानं सोडवावं.

वर्ध्याच्या लोकांना या शेजाऱ्यांविषयी आस्था नाही असं म्हणता येणार नाही. बहार नेचर फाउंडेशन आणि नगरपरिषदेच्या पुढाकारानं 2018 साली वर्धा शहराचा पक्षी निवडायला रीतसर मतदान झालं आणि नीलपंख निवडून आला. उन्हाळ्यात गच्च्यांवर पाण्याची मातीची भांडी दिसतात. त्यात सुधारणा एवढीच हवी की भांडं झुडपाला खेटून ठेवू नये, कारण मांजर दबा धरतं ते तिथेच. भोवती सहा-सात फूट मोकळी जागा, किंवा मग मांजराला चढता येणार नाही अशी टांगलेली भांडी. त्यात एक खडबडीत दगड ठेवला की मधमाश्या आणि खारीची पिल्लं बुडत नाहीत. पाणी दर दोन दिवसांनी बदलून भांडं घासावं. विदर्भाच्या उन्हाळ्यात डासाची अळी आठवड्याभरात डास होते. चिमण्यांसाठी पेटी लावायची असेल तर भोक 32 मिलिमीटरचं पुरे, आणि पेटी मांजराची उडी पोचेल अशा कठड्यावर नको.

उरतो तो अनाथ पिल्लांचा प्रश्न. वाढवलेली खार माणसाला लळा लावते, खांद्यावर बसते, आणि म्हणूनच ती घरात ठेवून घ्यायचा मोह होतो. पण माणसाला आणि मांजराला न भिणारी खार बाहेर सुटली की फार टिकत नाही. खार वन्यजीव आहे, आणि पोपट, मुंगूस, घोरपड यांना पिंजऱ्यात ठेवणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हाच आहे. देवळीहून वर्धा जवळच आहे, आणि तिथे पिपरी मेघे इथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम जखमी वन्यजीवांवर उपचार करतो. वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे. नेताना भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी आणि आत गुळगुळीत सुती कापड घ्यावं. टॉवेलच्या सुटलेल्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. फोनवर तीन गोष्टी आधी सांगाव्यात: पिल्लू कुठे सापडलं, त्याचे डोळे उघडलेत का, आणि मांजरानं त्याला तोंडात धरलं होतं का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघावं.